घरच्या संगणकावरून संगणनाच्या स्पर्धेत

अवाढव्य गणित लहान लहान तुकड्यांत विभागायचे, ते तुकडे इंटरनेटवरून जगभरच्या घरगुती संगणकांकडे पाठवायचे आणि परत आलेली उत्तरे पडताळून एकत्र जोडायची, या पद्धतीला स्वयंसेवी वितरित संगणन म्हणतात. मोठ्या मूळ संख्या शोधणारा जिम्प्स हा प्रकल्प १९९६ मध्ये सुरू झाला. या पद्धतीला खरी लोकप्रियता मिळाली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील सेटी ॲट होम प्रकल्पामुळे. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे रेडिओ संकेत शोधण्यासाठी तो मे १९९९ मध्ये लोकांपुढे आला आणि ३१ मार्च २०२० रोजी त्याने नवे काम वाटणे थांबवले. त्याच्याच अनुभवातून २००२ पासून डेव्हिड अँडरसन यांच्या पुढाकाराने ‘बॉइंक’ हे सामाईक सॉफ्टवेअर आकाराला आले. आज बहुतेक प्रकल्प त्यावरच चालतात, आणि बहुतेक स्पर्धाही.

स्पर्धेचे मूळ क्रेडिटमध्ये आहे. पडताळणीत बरोबर ठरलेल्या प्रत्येक कामाबद्दल सर्व्हर सहभागी व्यक्तीच्या आणि तिच्या टीमच्या खात्यात गुण जमा करतो. व्हेटस्टोन चाचणीत सेकंदाला एक अब्ज क्रिया करणाऱ्या संगणकाने दिवसभर काम केले तर २०० क्रेडिट, असे मूळ माप आहे. प्रत्यक्षात प्रत्येक प्रकल्पाचा हात कमी-अधिक सढळ असतो. त्यामुळे एका प्रकल्पातील क्रेडिटची दुसऱ्याशी तुलना करण्यात अर्थ नसतो. म्हणूनच चांगल्या स्पर्धा एका वेळी एकाच प्रकल्पावर भरवल्या जातात आणि अनेक प्रकल्प असतील तर प्रत्येकातील क्रमांकानुसार स्वतंत्र गुण दिले जातात. खात्यात दिसणारा ‘अलीकडील सरासरी क्रेडिट’ हा आकडा स्पर्धेसाठी फारसा उपयोगाचा नाही. त्यात दर आठवड्याला जुन्या कामाचे वजन निम्मे होते. तीन दिवसांच्या शर्यतीत तो आकडा हळूहळू चढत राहतो आणि संगणकाची खरी गती दाखवेपर्यंत शर्यत संपलेली असते. नोंद ठेवायची ती एकूण क्रेडिटची. सुरुवातीचा आकडा लिहून ठेवावा आणि रोज ठरावीक वेळी फरक काढावा.

सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे बॉइंक पेंटॅथलॉन. सेटी डॉट जर्मनी ही टीम २०१० पासून ती भरवते. ५ ते १९ मे या चौदा दिवसांत पाच वेगवेगळ्या शर्यती होतात. त्यांपैकी मॅरेथॉन पूर्ण चौदा दिवस चालते, सिटी रन आणि क्रॉस कंट्री पाच-पाच दिवस, स्प्रिंट तीन दिवस. कोणत्या शर्यतीला कोणता प्रकल्प, हे आधी थोडेच दिवस जाहीर होते. फ्रेंच भाषकांची लालियान्स फ्रँकोफोन, चेक नॅशनल टीम, जर्मनीची प्लॅनेट थ्रीडीनाऊ अशा टीम तिथे वर्षानुवर्षे झुंजत आल्या आहेत. फॉर्म्युला बॉइंक ही वर्षभर चालणारी स्पर्धा असून तिच्या तीन दिवसांच्या स्प्रिंटमध्ये मोटारींच्या फॉर्म्युला वन शर्यतीसारखे पहिल्या क्रमांकाला २५, दुसऱ्याला १८ असे गुण मिळतात. मूळ संख्या शोधणारा प्राइमग्रिड हा प्रकल्प स्वतःच दरवर्षी चॅलेंज मालिका ठेवतो. नवख्याने सुरुवात तिथूनच करावी. तिचे नियम स्वच्छ असतात आणि एकट्या संगणकाचे नावही वैयक्तिक यादीत झळकते.

स्पर्धेत उतरण्याआधी एकच प्रश्न नीट समजून घ्यायला हवा : काम नेमके केव्हा मोजले जाते? प्राइमग्रिडच्या चॅलेंजमध्ये काम स्पर्धा सुरू झाल्यानंतर उतरवून घेतलेले आणि संपण्यापूर्वी परत केलेले असावे लागते. दोन्हींपैकी एक अट चुकली तर ते काम स्पर्धेपुरते शून्य. पेंटॅथलॉनमध्ये मात्र स्पर्धेच्या काळात टीमच्या खात्यात जमा झालेले क्रेडिट मोजतात. ते काम कधी उतरवले, कधी केले, याची चौकशी होत नाही. या एका फरकामुळे दोन्हीकडची सगळी आखणी बदलते. वेळा यूटीसीमध्ये दिलेल्या असतात. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते. पेंटॅथलॉन यूटीसीप्रमाणे मध्यरात्री सुरू होते, म्हणजे भारतात ५ मेच्या पहाटे साडेपाचला, आणि संपते १९ मेच्या पहाटे साडेपाचला. तारखांचा हिशेब १८ मेच्या रात्रीवर सोडला तर शेवटचे साडेपाच तास वाया जातात.

तयारी निदान दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी. सर्व प्रकल्पांत एकाच ईमेल पत्त्याने खाते उघडावे, म्हणजे आकडेवारीच्या याद्यांमध्ये ती सगळी खाती एकाच व्यक्तीची म्हणून दिसतात. टीममध्येही आधीच सामील व्हावे. त्या त्या वेळी व्यक्ती ज्या टीममध्ये असते तिच्याच खात्यात क्रेडिट जाते, मागचे काम सोबत येत नाही. याहून महत्त्वाचा मुद्दा विश्वासाचा आहे. सर्व्हर नव्या संगणकावर एकदम विसंबत नाही. साधारणपणे एकच काम दोन वेगवेगळ्या संगणकांना दिले जाते आणि दोघांची उत्तरे जुळली तरच क्रेडिट मिळते. जोडीदाराने उत्तर लांबवले तर आपले काम ‘पेंडिंग’ यादीत पडून राहते. काही प्रकल्पांत मात्र सलग बरोबर उत्तरे देणाऱ्या संगणकाला जोडीदाराशिवाय काम मिळू लागते. रोज किती कामे द्यायची याची सर्व्हरने घातलेली मर्यादाही यशस्वी कामांबरोबर वाढते आणि चुका झाल्या की झपाट्याने खाली येते. शिवाय एखाद्या प्रकल्पाची काही कामे पूर्ण होईपर्यंत एका कामाला किती वेळ लागेल याचा बॉइंकचा अंदाज साफ चुकीचा असू शकतो. अंदाज चुकला की झेपणार नाही इतके काम उतरवले जाते. आधी काही दिवस थोडे थोडे काम केलेला संगणक स्पर्धेच्या पहिल्या तासापासून पूर्ण वेगाने धावतो. ऐन वेळी जोडलेला महागडा संगणक पहिला दिवस अडखळतो.

आता संगणकाच्या जुळणीकडे. बॉइंकच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरचे किती टक्के कोअर वापरायचे आणि किती टक्के वेळ वापरायचे, असे दोन वेगळे आकडे असतात. वेळेचा आकडा कमी केला तर काम सतत थांबते आणि पुन्हा सुरू होते. तो १०० ठेवावा आणि गरज पडल्यास कोअर कमी करावेत. लॅपटॉपला हेच लागू. संगणक वापरात असताना काम थांबवण्याची सोय स्पर्धेपुरती बंद करायची की नाही, हे घरातल्या इतरांना विचारून ठरवावे. ऑनलाइन वर्गात बसलेल्या मुलाचा संगणक रडतखडत चालला तर स्पर्धा दुसऱ्या दिवशीच बंद पडते.

विंडोज आठ कोअर दाखवत असले तरी खरे कोअर अनेकदा चारच असतात, उरलेले हायपरथ्रेडिंगने दाखवलेले आभासी. जीवशास्त्राच्या काही प्रकल्पांत हे आभासी कोअरही उपयोगी पडतात. प्राइमग्रिडच्या एलएलआर या मूळ संख्या तपासणाऱ्या कामांत मात्र त्यांचा फायदा नगण्य असतो, आणि तिथे खरी अडचण कॅशची, म्हणजे प्रोसेसरमधल्या जलद स्मृतीची असते. या कामात प्रचंड संख्यांचा पुन्हा पुन्हा गुणाकार होतो आणि त्यासाठी लागणारा डेटा प्रोसेसरच्या एल-थ्री कॅशमध्ये मावला तरच वेग टिकतो. कामाच्या नोंदीत एफएफटीची, म्हणजे या गुणाकारासाठी वापरल्या जाणाऱ्या गणिती पद्धतीची, लांबी दिलेली असते. तिला ८ ने गुणले की लागणारी जागा कळते. समजा लांबी ६४० के आहे. म्हणजे एका कामाला ५ एमबी. चार कोअर आणि ८ एमबी कॅश असलेल्या प्रोसेसरवर अशी चार कामे एकाच वेळी लावली तर २० एमबी हवे. ते कॅशमध्ये मावत नाही, डेटा सतत रॅममधून ये-जा करतो आणि चारही कामे रखडतात. तेच एक काम चारही कोअरना मिळून दिले तर ५ एमबीत भागते. एकेका कामाला लागणारा वेळ तर घटतोच, पण दिवसभरात पूर्ण होणाऱ्या कामांची संख्याही बहुधा वाढते. प्राइमग्रिडच्या संकेतस्थळावरील पसंतीच्या पानावर प्रत्येक कामाला किती थ्रेड आणि एका वेळी किती कामे, हे दोन्ही आकडे निवडता येतात. इतर प्रकल्पांसाठी हीच गोष्ट ॲप-कॉन्फिग नावाच्या छोट्या फाइलने साधते. दोन-तीन पर्याय प्रत्येकी काही तास चालवून, दिवसाला किती कामे होतील याचा हिशेब मांडावा आणि त्यावरच निवड करावी. कोणाच्या शिफारशीपेक्षा स्वतःच्या संगणकावरचे मोजमाप अधिक खरे.

ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याला चालणारा प्रकल्प निवडावा. ज्या कामांचे ग्राफिक्स कार्डसाठी प्रोग्रॅम आहेत तिथे कार्ड प्रोसेसरला सहज मागे टाकते, आणि रोझेटा ॲट होमसारख्या केवळ प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रकल्पात ते रिकामे बसते. कार्ड घेताना किंवा निवडताना आणखी एक गोष्ट तपासावी. दुहेरी अचूकतेच्या आकडेमोडीत खेळांसाठी बनवलेल्या अनेक कार्डांचा वेग साध्या अचूकतेच्या १/३२ किंवा १/६४ इतकाच असतो. प्रकल्पाला दुहेरी अचूकता लागत असेल तर नवे कार्डही निराश करते. कार्ड चालू असताना त्याला डेटा पुरवण्यासाठी प्रोसेसरचा एक कोअर मोकळा सोडावा.

महाराष्ट्रातील स्पर्धकापुढे युरोपातल्या प्रतिस्पर्ध्याला नसलेली एक अडचण आहे : मे महिना. जर्मनीत त्या दिवसांत खिडकी उघडली की खोली गार होते. नागपूर किंवा जळगावात बाहेर ४५ अंश असताना खोलीतली हवाच चाळीसच्या आसपास असते आणि प्रोसेसरचा पंखा त्याच हवेने त्याला थंड करू पाहतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की आपोआप वेग कमी करतो. संगणक चालू दिसतो, वीज खातो, पण काम कमी होते. म्हणून एप्रिलमध्येच कॅबिनेट उघडून पंखे आणि हीटसिंकमधली धूळ काढावी, जुनी थर्मल पेस्ट बदलावी. नंतर तापमान आणि वेग दाखवणारे एखादे सॉफ्टवेअर लावून दुपारी दोन ते पाच या वेळात संगणक पूर्ण भाराने चालवून पाहावा. वेग घसरत असेल तर प्रोसेसर आणि कार्ड यांची वीजमर्यादा खाली आणावी. वीज शेवटच्या टप्प्यात जितकी वाढते तितका वेग वाढत नाही, म्हणून मर्यादा थोडी कमी केल्यास कामाचे नुकसान अल्प आणि उष्णतेतील घट मोठी असते. ओव्हरक्लॉकिंगची जागा इथे नाही. लॅपटॉप अनेक दिवस पूर्ण भाराने चालवण्यासाठी बनलेले नसतात. बॅटरी तापून फुगण्याचा धोकाही असतो. मॅरेथॉनला लॅपटॉप लावायचाच तर निम्म्या कोअरवर, मागची बाजू उचलून आणि उघड्या जागेत ठेवून लावावा.

विजेचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय चौदा दिवसांच्या स्पर्धेत उतरू नये. भिंतीच्या प्लगला लावायचे वीजमापक स्वस्तात मिळते, त्याने प्रत्यक्ष वापर मोजावा. संगणक ३०० वॅट घेत असेल तर दिवसाला ७.२ युनिट, चौदा दिवसांत जवळपास १०० युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पा बदलतो आणि पुढच्या टप्प्याचा दर चढा असतो. ज्या घराचा उन्हाळ्यातला वापर २५० युनिट आहे तिथे या १०० युनिटांपैकी ५० वरच्या दराने पडतील. संगणकाची उष्णता बाहेर काढण्यासाठी एसी लावला तर त्याचा खर्च निराळा. हा आकडा जड वाटत असेल तर मॅरेथॉन सोडून फक्त तीन दिवसांची स्प्रिंट खेळावी. त्यात कमीपणा काहीच नाही. टीमला प्रत्येक शर्यतीत वेगळी माणसे लागतातच.

वीज जाणे ही दुसरी चिंता. बहुतेक कामे ठरावीक अंतराने आपली प्रगती डिस्कवर नोंदवतात, त्याला चेकपॉइंट म्हणतात, आणि वीज परत आल्यावर तिथून पुढे सुरू होतात. पण सगळ्याच कामांना चेकपॉइंट नसतो. निवडलेले काम तिथून पुढे चालते का, हे स्पर्धेपूर्वी एकदा संगणक बंद-चालू करून बघावे. वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये असते, ती चालू करावी. छोटा यूपीएस तास-दोन तास चालत नाही, पण क्षणभराच्या झटक्यांपासून वाचवतो, आणि पावसाळापूर्व वादळांच्या दिवसांत तेवढ्याचे मोल फार असते.

वेगापेक्षा अचूकता मोठी, हे या क्षेत्रात शब्दशः खरे आहे. चुकीच्या उत्तराला क्रेडिट नाही आणि जोडीदाराचेही काम अडते. संगणक खात्रीचा आहे की नाही हे पाहण्यासाठी जिम्प्सच्या प्राइम ९५ प्रोग्रॅममधील ताणचाचणी काही तास चालवावी. रॅम किंवा प्रोसेसर डळमळीत असेल तर ती चूक पकडते. रॉबर्ट गर्बिझ यांनी २०१७ मध्ये सुचवलेल्या तपासणीमुळे मूळ संख्यांच्या कामात मधेच झालेली चूक आता ओळखता येते आणि काम मागच्या खात्रीच्या टप्प्यावरून पुन्हा करता येते. तरी असे वारंवार मागे जाणे म्हणजे वेळेचा अपव्ययच.

पेंटॅथलॉनच्या नियमांतून ‘बंकरिंग’ नावाचे डावपेच निर्माण झाले आहेत. प्रकल्प जाहीर होताच भरपूर काम उतरवायचे, बॉइंकचे नेटवर्क बंद करायचे, कामे करून संगणकावरच साठवायची आणि शर्यत सुरू झाल्यावर एकदम पाठवायची. काही टीम आपले बळ लपवण्यासाठी हा साठा शर्यतीच्या मध्यापर्यंत राखून ठेवतात. हे नियमात बसते, पण नवख्याने सांभाळून करावे. बॉइंकमध्ये किती दिवसांचे काम साठवायचे हा आकडा वाढवला तरी प्रत्येक कामाची स्वतःची मुदत असते आणि मुदत उलटल्यावर पाठवलेले उत्तर फुकट जाऊ शकते. सुरुवातीच्या क्षणी शेकडो स्पर्धक एकदम पाठवू लागले की लहान प्रकल्पांचे सर्व्हर गुदमरतात आणि फाइली तासन्‌तास अडकतात. जोडीदाराच्या उत्तराला लागणारा वेळही धरायला हवा. शेवटच्या काही तासांत पाठवलेली कामे पेंडिंगमध्ये अडकली तर टीमच्या हाती काही लागत नाही. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे दोन दिवसांपुरता साठा करून तो शर्यतीच्या पहिल्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर सोडणे आणि पुढे नेटवर्क उघडेच ठेवणे.

प्राइमग्रिडसारख्या शर्यतीत बंकरिंगला जागाच नसते. तिथे शेवटचा दिवस महत्त्वाचा. सहा तास उरले आहेत आणि दोन थ्रेडवर एक काम सात तास घेते, तर नवे काम घेण्यात अर्थ नाही. तेच काम चार थ्रेडवर चार तासांत होत असेल तर एक फेरी अजून बसते. म्हणून शेवटच्या फेरीपूर्वी थ्रेडची संख्या वाढवावी, संगणकातील साठा जवळपास शून्यावर आणावा आणि फेरी सुरू झाली की ‘नो न्यू टास्क्स’ हे बटण दाबावे. पूर्ण झालेले काम बॉइंक कधी कधी थोडा वेळ थांबून कळवते. शेवटच्या तासात ‘अपडेट’ दाबून ते स्वतः कळवावे.

बॉइंकबाहेरच्या फोल्डिंग ॲट होममध्येही टीमच्या चुरशी असतात. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या या प्रकल्पात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, पण त्यासाठी पासकी घेऊन तिच्यावर दहा कामे पूर्ण करावी लागतात आणि निदान ८० टक्के कामे यशस्वी असावी लागतात. तिथेही आधीची तयारी चुकत नाही.

संगणक स्वतःचा असावा, किंवा मालकाची लेखी परवानगी असावी. कार्यालयातील किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील रिकामे संगणक लावण्याचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील एका तांत्रिक महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्याने तिथल्या संगणकांवर विनापरवाना असा प्रोग्रॅम बसवला, तेव्हा त्याच्यावर संगणकचोरीचे आरोप ठेवले गेले. २००२ मध्ये तडजोड होऊन तुरुंगवास टळला, पण परिवीक्षा आणि दंड चुकला नाही. भारतातही माहिती तंत्रज्ञान कायद्याने मालकाच्या परवानगीशिवाय संगणक वापरणे दंडनीय आहे. सॉफ्टवेअर फक्त बॉइंकच्या आणि प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे.

प्रकल्प निवडताना क्रेडिटबरोबर विज्ञानाकडेही पाहावे. रोझेटा ॲट होम ज्यांच्या प्रयोगशाळेतून उभा राहिला त्या डेव्हिड बेकर यांना २०२४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आइन्स्टाइन ॲट होम २००५ पासून लायगो या वेधशाळेच्या नोंदींत फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरी शोधतो आहे. त्याच्या सहभागींच्या घरगुती संगणकांनी २०१० मध्ये अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून नवा पल्सार शोधून दिला. लायगोची भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारली जाणार आहे. मराठी वाचकाला यापेक्षा जवळचा प्रकल्प दुसरा नाही.

शर्यत संपली की अनेक जण संगणक बंद करतात आणि रांगेतली कामे तशीच सोडून देतात. तसे करू नये. अर्धवट काम मुदत संपेपर्यंत सर्व्हरवर अडकून राहते आणि जोडीदार क्रेडिटची वाट पाहत बसतो. जी कामे करायची नाहीत ती ‘ॲबॉर्ट’ करावीत, म्हणजे सर्व्हर ती लगेच दुसऱ्याला देतो. सुरू असलेली पूर्ण करावीत. प्राइमग्रिडमध्ये चॅलेंजनंतर राहिलेल्या कामांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत ‘क्लीनअप’चा काळ चालतो आणि अंतिम क्रमवारी त्यानंतरच पक्की होते.